घोडी जठे, फुई तठे

वादळाला घाबरत नाही असं सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि आभाळात जरा गडगडलं की तीच माणसं पलंगाखाली चपला शोधतानाही पाहिली आहेत. पण वादळालाच आपली भीती वाटत असणार, अशी मनोमन खात्री बाळगून जगणारी व्यक्ती या भूतलावर एकच, आणि ती आमची फुई. फुई म्हणजे आत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सारंगखेड्याच्या पुढे तापीकाठच्या एका गावात, पत्र्याच्या दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहते. फुवांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि सगळ्या भावकीत तिची काळजी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा पेशाच काळजीचा आहे. मी नंदुरबारला विम्याच्या कचेरीत कारकून आहे. उडालेले पत्रे, पडलेल्या भिंती, झाडाखाली चेपलेल्या मोटारसायकली यांचे फोटो पाहण्यात माझी निम्मी नोकरी गेली. त्यामुळे चांगलं उभं असलेलं घर दिसलं तरी ते कोणत्या बाजूने पडेल हेच मला आधी दिसतं. फुईचं म्हणणं, ते पडेलच कशाला? या एका प्रश्नावर आम्ही दोघं कित्येक वर्षं भांडतो आहोत.

एकटी राहते असं मी म्हटलं खरं, पण हे तिच्या कानावर गेलं असतं तर तिने मला दारात उभं केलं नसतं. तिच्याबरोबर शेठाणी होती. शेठाणी म्हणजे घोडी. फुवा हयातभर दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत जायचे, घोड्यांचे दात पाहायचे, किमती विचारायचे आणि चहा पिऊन घरी यायचे. शेवटच्या वर्षी मात्र ते हातात लगाम धरूनच परत आले. लगामाच्या दुसऱ्या टोकाला करड्या रंगाची, उतारवयाची, एका डोळ्याने कमी दिसणारी आणि चालताना प्रत्येक पाऊल उपकार केल्यासारखं टाकणारी ही घोडी होती. फुवांनी ती घेतली, कारण तिच्या गळ्यावर देवमन होता. देवमन म्हणजे केसांचा एक भोवरा. तो ज्या जनावराच्या गळ्यावर असतो ते घराला सुख देतं, असं घोड्यांच्या बाजारात मानतात. पुढच्या उन्हाळ्यात फुवा गेले. दहाव्याला कोणीतरी हलकेच म्हणालं की देवमनाचा काही उपयोग झाला नाही. फुई ताडकन म्हणाली, "तो भवरा नसता तं त्या संक्रांतलेच जाता!" या युक्तिवादाला अजून कोणालाही उत्तर सापडलेलं नाही.

फुवांकडून तिला वारसा मिळाला तो शेताचा थोडका आणि या भोवऱ्यांच्या विद्येचा जास्त. फरक इतकाच की फुवा ती विद्या घोड्यांपुरती वापरायचे आणि फुईने ती सरसकट माणसांना लागू केली. कोणीही भेटलं की नमस्काराच्या आधी ती त्याची टाळू पाहते. गॅसची टाकी आणून देणाऱ्याला टाकी खाली ठेवायला वाकावंच लागतं, त्यामुळे त्याचा निकाल दारातच लागला. तलाठी उंच होता, म्हणून तिने त्याच्या पुढ्यात मुद्दाम पिशवी पाडली. एकदा तिला ताप भरला तेव्हा मी एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांचं डोकं अगदी तुळतुळीत. त्यांनी सुई भरली, आणि फुईने पदर खांद्याभोवती घट्ट आवळून घेतला. "याना डोकावर भवराच नही," ती मला म्हणाली, दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात. "मी भरोसा कशावर ठेवू?" शेवटी कंपाउंडरने टोपी काढून डोकं दाखवलं आणि त्याच्या हातून तिने सुई टोचून घेतली. मी डॉक्टरांची माफी मागत होतो तेव्हा ती बाहेर कंपाउंडरला त्याच्या थोरल्या भावाचं भविष्य सांगत होती.

माझ्या स्वतःच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, पण ते निदान नवरदेवाच्या पाठीमागे सांगतात. फुईने ते माझ्या लग्नात, अक्षता पडून हात अजून पिवळे असताना, माझ्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं. बायको नाशिकची. तिला अहिराणीतलं अवाक्षर कळत नव्हतं, पण नेमकं हे वाक्य तिला बरोबर कळलं. "पोर, संभाळी ऱ्हाय. याले दोन भवरा शेत." त्या दिवसापासून आजपर्यंत मला कचेरीतून यायला उशीर झाला की बायको दार उघडते ती माझ्या टाळूकडे पाहत.

तर अशा या बाईला दरवर्षी वैशाखाच्या अखेरीस वादळासाठी तयार करणं हे माझं कर्तव्य. अलीकडे अरबी समुद्रात काही ना काही फिरू लागतं, ते गुजरातच्या किनाऱ्याकडे वळतं, आणि त्याचं शेपूट आमच्या जिल्ह्यावरून जातं. मोबाईलवर इशारे येऊ लागले की मी सामान घेऊन निघतो. पहिल्या वर्षी मी तिला चांगली जड ताडपत्री नेली. पुढच्या खेपेला पाहिलं तर ताडपत्री शेठाणीच्या कडब्यावर. नायलॉनची दोरी नेली, ती शेठाणीच्या गळ्यात. बॅटरी नेली, तिच्या उजेडात फुई शेठाणीचे खूर तपासत होती. प्रथमोपचाराच्या डब्यातली झाडून सगळी पट्टी शेठाणीच्या मागच्या पायाला गुंडाळलेली होती, आणि ती पाहून मी अजून सावरतो आहे तोवर ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट हाताला लागलं. त्यात एक गोळी कमी होती. मी विचारलं, आज दोन घेतल्यास का? "मी कशाले दोन ल्हेसू?" फुई म्हणाली. "परवा ईजा चमकन्यात, शेठाणी घाबरनी. तिले दिधी एक गूळमा."  मी धावत गोठ्यात गेलो. शेठाणी आपल्या चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहत सावकाश रवंथ केल्यासारखं तोंड हलवत होती. घोडी रवंथ करत नाही हे मला माहीत आहे. ती ते करायची.

फुईचं हवामान खातंही तीच. शेठाणीने कान मागे टाकले की वारा, डावीकडे लवंडली की पाऊस, शेपूट घोळवली की उघडीप, असं ते शास्त्र होतं. ते एकदाही खरं ठरलेलं मला आठवत नाही. लख्ख उन्हात फुई अंगणातली कुरडई आवरून घ्यायची आणि धो धो पावसात ती वाळत घालायला काढायची. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तर तिने एका वर्षी इतक्या वेळा आतबाहेर केले की ते न तळताच तुटले. पण माझ्या मोबाईलने इशारा दिला की ती हसायची. "वारा काय मन्हा सासरा शे, त्याले घाबराले?" असं म्हणून ती चहा टाकायला उठायची.

त्या वर्षीचं वादळ मात्र खरंच मोठं होतं. आदल्या दिवसापासून फोनमागून फोन येत होते. मी फुईला बजावून ठेवलं होतं की मी येतो आहे, तोवर पत्र्यावर वजन ठेवून घे. रजा टाकून मी सकाळीच निघालो. पोचलो तेव्हा वारा सुटलेला, केळीची पानं चिरफाळलेली, घराचं दार सताड उघडं आणि घरात कोणी नाही. मी हाका मारल्या. चुलीपाशी पाहिलं, गोठ्यात पाहिलं. शेठाणी होती, फुई नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे कचेरीतले सगळे फोटो एकामागून एक येऊन गेले. तेवढ्यात आभाळातून आवाज आला, "वर शे रे!"

मी मान वर केली. सत्तरी उलटलेली माझी फुई पत्र्यावर मांडी घालून बसली होती. पदर कमरेला खोचलेला, पुढ्यात पाटा, हातात वरवंटा, आणि ती हिरव्या मिरचीचा ठेचा वाटत होती. पाट्याशेजारी जात्याचे दोन्ही दगड होते, पलीकडे उखळ होतं, त्याच्या पलीकडे फुवांची लोखंडी पेटी. घरात जेवढं म्हणून जड होतं तेवढं सगळं वर. गल्लीतल्या गड्यांना चहा पाजून तिने ते चढवून घेतलं होतं.

"फुई, खाले उतर! काय करी ऱ्हायनी वर?" मी ओरडलो.

"तुन्हासाठे ठेचा वाटी ऱ्हायनू. पाटा वर शे, मंग वाटाले वरच येनं पडस ना?"

"पाटा खाले आन मंग!"

"खाले आना तं पत्रा उडी जाई," ती मला समजावत म्हणाली. "तूच सांगं ना, वजन ठेव म्हनीसन?"

मी वजन ठेव म्हटलं होतं तेव्हा माझ्या मनात वाळूची पोती होती. पाटा माझ्या मनात नव्हता. तिला शिडीवरून उतरवताना माझा जीव किती वेळा गेला आणि आला ते मलाच ठाऊक. खाली आल्यावर घरात शिरलो तर पुढचा धक्का तयार होता. तिची बाज बरोबर त्या पाट्याखाली होती. मी विचारलं, बाज इथे का? तर म्हणे, इथला पत्रा सगळ्यात ढिला आहे, वारा आला की तो पहिला वाजतो, म्हणजे झोपेतही समजतं. आणि तो सगळ्यात ढिला, म्हणून पाटाही त्याच्यावरच. मी वर पाहिलं. पाट्याच्या भाराने पत्रा खाली झुकला होता आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर करकरत होता.  गडी आपापली घरं बांधण्यात गुंतलेले, पाटा खाली घ्यायला एकही माणूस मोकळा नव्हता, बाज ती हलवू देत नव्हती, आणि फुईला इथे ठेवून मी परत गेलो तर ती रात्री याच बाजेवर झोपणार होती.

मी हात जोडले. पाया पडलो. बायकोला फोन लावून दिला, तिने नाशिकच्या मराठीत विनवण्या केल्या. फुईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि गोठ्याकडे बोट केलं. "घोडी जठे, मी तठे." मी संतापलो. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग घोडीला पण घे आणि चल!"

 फुई आत गेली आणि बांधून ठेवलेलं एक गाठोडं घेऊन बाहेर आली. "हाई पहिले सांगता येत नही का तुले?" ती म्हणाली. "सकाळपाइन बठेल शे मी. पत्रा वाजना का ती थरथर कापस. तिले कोठे ठेवू, हाऊच इचार करी ऱ्हायनू."

घोडी नंदुरबारला न्यायची कशी, हा विचार मी बोलण्याआधी केलेला नव्हता. गावातला एक पिकअपवाला तयार झाला. फुईला मी पुढे बसायला सांगितलं, तर ती मागे हौद्यात चढली आणि शेठाणीच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. शेठाणीचं कातडं थरथरत होतं, फुई तिच्या कानात काहीतरी बोलत होती, आणि सगळा रस्ता तिने तो हात काढला नाही. वाटेत दोन ठिकाणी लोकांनी वरातीचा भाव विचारला. मिरचीच्या बाजारापाशी आलो तेव्हा शेठाणीला अशा काही शिंका सुरू झाल्या की एक रिक्षावाला रिक्षा सोडून पळाला. फुईने भर रस्त्यात पिकअप थांबवून पदराने तिचं नाक पुसलं. मी पुढच्या सीटवर तोंड लपवून बसलो होतो.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी फाटकात आडवे उभे राहिले. कुत्रा पाळायला परवानगी लागते, मांजराचं समजून घेऊ, पण घोडीबद्दल नियमात काहीच नाही, असं ते म्हणाले. फुई म्हणाली, "नही ना? मंग झायं!" आणि शेठाणीला थेट पार्किंगमध्ये घेऊन गेली. जाताना तिने त्यांना वाकून बांगडी शोधायला लावली, त्यांची टाळू पाहिली आणि म्हणाली की भोवरा सरळ आहे, माणूस चांगला निघेल. ते निघालेही. दिवेलागणीला वादळ आलं, वीज गेली, खिडक्यांची तावदानं थडथडू लागली, तेव्हा तेच स्वतःची खुर्ची घेऊन खाली आले आणि फुईला बसायला दिली. तिसऱ्या मजल्यावर तिच्यासाठी अंथरलेली गादी तशीच राहिली. वारा कोसळत होता, आणि ती मोटारींच्या मधोमध शेठाणीच्या पायाशी बसून जिन्यात गोळा झालेल्या बायकांना कोणाच्या पोराला किती भोवरे आहेत ते सांगत होती.

सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला की पत्रे गेले. मी आणि फुई गावी गेलो. घरावर आभाळ होतं. काही पत्रे केळीच्या बागेत सापडले, काहींचा पत्ताच नव्हता. ढिला पत्रा उडताना पाटा खाली आला होता. तो बाजेची सुंभं तोडून आरपार गेला होता आणि खालच्या जमिनीत उभा रुतून बसला होता. उशी जिथे असते तिथे.

मी उंबऱ्यावरच बसलो. विम्याच्या कचेरीत इतके फोटो पाहिले, पण असं काही मी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहू नये असं वाटतं. फुई पुढे गेली, वाकली, पाट्यावर बोटं वाजवून पाहिली. "फुटना नही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "शेठाणीनं वाचाडं माले." माझी रजा, माझं पिकअप, माझे जोडलेले हात यांपैकी कशाचाही तिने उल्लेख केला नाही. पण मला पाणी द्यायला तिने तांब्या उचलला तेव्हा निम्मं पाणी वाटेतच सांडलं.  उरलेलं मी पिऊन टाकलं. मला रडू येत होतं.

त्यानंतर घरावर नवे पत्रे आले, त्यांना चांगले हूक बसले, पाटा चुलीपाशी गेला. तरी दरवर्षी वैशाख संपता संपता फुईचा फोन ठरलेला. स्वतःबद्दल चकार शब्द नाही. "शेठाणी तुन्ही आठवन काढी ऱ्हायनी. तिले वारानी भीती वाटस. पिकअप लई ये." मीही शहाणा झालो होतो. फुईच्या गोळ्या संपल्या असतील तर विचारायचं, शेठाणीसाठी शिल्लक आहेत का? फुईचा चष्मा बदलायचा असेल तर म्हणायचं, शेठाणीचे खूर तुला नीट दिसत नसतील. सगळं काही शेठाणीच्या नावाने चालायचं आणि फुईला पोचायचं. सेक्रेटरी तर वैशाखातच पार्किंगमधली कोपऱ्यातली जागा रिकामी ठेवू लागले.

गेल्या हिवाळ्यात, यात्रा उठल्यानंतर थोड्याच दिवसांनी, शेठाणी गेली. फार म्हातारी झाली होती. फुईने तिला शेताच्या बांधापाशी पुरलं आणि मला दुसऱ्या दिवशी कळवलं.

या वर्षी फोन आला नाही. इशारे आले, समुद्रात पुन्हा काहीतरी फिरू लागलं, मी रोज वाट पाहिली. शेवटी सवयीने पिकअपच घेऊन गेलो. फुई दारात बसली होती. गोठा शेणाने सारवून स्वच्छ ठेवला होता आणि खुंट्याला नायलॉनची दोरी तशीच बांधलेली होती. मी आणलेल्या गोळ्या तिने हातात घेतल्या आणि त्या ठेवायच्या कुठे हे न कळल्यासारखी धरून बसली.

"पिकअप कशाले आनी?" तिने विचारलं. "रिकामी लई जाशी?"

"फुई, चाल."

"मी कोनासाठे येऊ रे आते?"

एवढी वर्षं मला सबबी शिकवणारी ती घोडी आता राहिली नव्हती. माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो आणि खरं तेच सांगितलं. "माले भीती वाटस, फुई. वारा सुटना का माले तो पाटा दिखस. माले झोप नही येत."

 मग तिचा हात माझ्या डोक्यावर आला. बोटांनी तिने केस बाजूला केले, आधी एक भोवरा चाचपला, मग दुसरा.

"मी तुन्ही बायकोले उगाच घाबराडी दिधं," ती म्हणाली. "दोन भवरा म्हंजे दोन लगन नही व्हतात. दोन घरे शेत ती. एक तुन्हं, एक मन्हं."

गाठोडं आतच होतं, बांधलेलं. तिने खुंट्याची दोरी सोडली, गुंडाळून पिशवीत घातली आणि पिकअपपाशी आली. मी पुढचं दार उघडलं. पण ती नेहमीसारखी मागे हौद्यात चढली, म्हणून मीही चढलो. गाडी हलली तेव्हा तोल सावरायला तिने हात पुढे केला. तो माझ्या मानेवर आला आणि तिथेच राहिला. नंदुरबार येईपर्यंत मी मान हलवली नाही.